जागलेच घर पोखरतात तेव्हा

केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून आम्ही बोलतोय.

आमच्या बचत गटात एक ताई आहे. नाव सांगू नका म्हणाली, पण गोष्ट सांगा म्हणाली. वय छत्तीस. दोन वर्षांमागं मासिक बैठकीत सहीची वेळ आली की ती रजिस्टर शेजारणीकडं सरकवायची. "तूच लिही गं, माझी बोटं आज वळंनात." आम्हाला वाटलं, सही करायचा कंटाळा. मग तिच्या पायात जोडवी रुतायला लागली, हातातल्या बांगड्या उतरेनात. सकाळी उठून नळाची तोटी फिरवता येईना, पीठ मळता येईना, लेकराच्या शर्टाची गुंडी लावता येईना. दहा-साडेदहा वाजले की हात जरा मोकळे व्हायचे. म्हणून घरात बोलणं सुरू झालं, "हिला बरं कामाच्याच वेळेला दुखतंय!"

ताई नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाते. आपल्या भागातल्या बायांना सांगायला नको, पण दुसरीकडून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल त्या जोडीनं घेतलेली असते आणि ती जोडीनंच फेडायची असते. त्या वर्षी फडात ताईची मूठ कोयत्याच्या दांड्याभोवती मिटेना. एक जण तोडतोय आणि एकीला मोळीही बांधता येत नाही, मग उचल फिटायची कशी? तिथंच कुणीतरी पुड्यांचा पत्ता दिला. लांबच्या एका गावात एक जण वातावर पुड्या देतो, तीन दिवसांत माणूस पळायला लागतं.

आणि खरंच लागलं. ताई तिसऱ्या दिवशी फडात उभी राहिली. आम्ही सगळ्या खूश. पुड्या महाग होत्या, तर आम्हीच गटातून अंतर्गत कर्ज दिलं. वहीत तीनदा नोंद आहे, कारणाच्या रकान्यात 'दवाखाना' असं लिहिलंय आणि खाली आमच्या सह्या आहेत. सात महिन्यांनी तिचा चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, आणि पुडी एक दिवस चुकली तर उठता येईना. बोटं मात्र वाकडी व्हायला लागली होती. दुखणं गेलं होतं, रोग आत चालूच होता.

हे कसं होतं? दुखणं थांबतं आणि तरी सांधा कसा खराब होतो? हाच प्रश्न घेऊन आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, एकमेकींना समजावलं. आमच्यात बोलणारीचं शिक्षण बीए, विज्ञान दहावीला सुटलेलं. त्यामुळं जे आम्हाला कळलं ते तुम्हालाही कळेल.

पहिल्यांदा नावाचा घोळ सोडवू. आपण दुखऱ्या सांध्याला सरसकट 'वात' किंवा 'संधिवात' म्हणतो. पण त्यात निदान दोन वेगळी दुखणी आहेत. एक झिजेचं. ते बहुतेक वय झाल्यावर येतं, जास्त करून गुडघ्यात. दिवसभर काम केलं की संध्याकाळी दुखतं, बसलं की बरं वाटतं. दुसरं ताईचं. ते तिशी-चाळिशीतही येतं, पुरुषांपेक्षा बायांना दुप्पट-तिप्पट होतं. बोटांचे, मनगटांचे, पायाच्या पंजाचे लहान सांधे धरतं, आणि बहुतेक दोन्ही बाजूंचे. विसाव्यानं ते बरं होत नाही, उलट रात्रभर पडून राहिल्यावर सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला तास-तास लागतो. वैद्य याला आमवात म्हणतात. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचं वेगळं वर्णन आहे. डॉक्टर ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, चिठ्ठीवर 'आरए' लिहितात. आम्ही इथं आमवातच म्हणू.

हा रोग किती जणांना होतो? याचा शोध आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच गावात घेतला गेला. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. तिथं १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर मोठ्या माणसांची पाहणी केली. शंभरात साधारण अठरा जणांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं निघालं. खरा आमवात निघाला हजारात पाचेक जणांना. म्हणजे ज्या गावात दोन हजार मोठी माणसं आहेत तिथं दहाएक. म्हणून दुखणाऱ्या प्रत्येक बाईनं घाबरून जायचं नाही. पण त्या दहांतली एखादी आपल्याच गटात बसलेली असू शकते, आणि तिचा एकेक महिना मोलाचा असतो.

आता सांध्याच्या आत जाऊ. दोन हाडांची टोकं जिथं भेटतात तिथं त्यांच्यावर गुळगुळीत कूर्चा असते. सगळ्याभोवती एक मजबूत पिशवी असते, आणि त्या पिशवीला आतून अस्तर असतं, झबल्याला लावतो तसं. त्या अस्तराला सायनोव्हियम म्हणतात. सगळी गोष्ट या अस्तरातच घडते, म्हणून जरा थांबून बघू. निरोगी माणसात त्याचा आतला थर एक ते तीन पेशींइतकाच जाड असतो. पेशी म्हणजे शरीराची वीट, डोळ्याला न दिसणारी. त्यावरून अस्तर किती पातळ असेल बघा.

या पातळ थरात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी राहतात. एक विणकरी पेशी. त्या सांध्याला वंगण पुरवतात, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिचं पोषणही बरंचसं या वंगणातूनच होतं. दुसऱ्या भक्षक पेशी. त्या केरकचरा, मेलेल्या पेशी आणि चुकून आलेले जंतू खाऊन टाकतात. २०१९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या सांध्यात बघितलं, तर यातल्या काही भक्षक पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत करून उभ्या होत्या. बाहेरचा गोंधळ सांध्यात शिरू नये म्हणून. जुन्या काळी गावात जागल्या असायचा, रात्री गस्त घालायचा, तसे हे सांध्याचे जागले.

याशिवाय शरीराची मोठी फौज रक्तात फिरत असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. त्यातल्या दोघींची नावं लक्षात ठेवा: टी पेशी आणि बी पेशी. टी पेशी वैरी कोण ते ओळखते आणि इतरांना कामाला लावते. बी पेशी मोठी होऊन प्लाझ्मा पेशी बनते आणि त्या वैऱ्याला धरणारी प्रतिद्रव्यं तयार करते. बाळाला आपण लस देतो ना, ती यांनाच शिकवण्यासाठी. ताप आला, जखम पिकली, की हीच फौज आपल्याला वाचवते. ती नसती तर आपण एक पावसाळा काढला नसता.

आमवातात ही फौज माणूस ओळखायला चुकते. शरीरातल्या काही प्रथिनांमध्ये बारीकसा बदल झालेला असतो, आणि ही आपली नव्हेत असं समजून बी पेशी त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवायला लागतात. घरधन्यानं नवीन फेटा बांधला आणि जागल्यानं त्यालाच चोर म्हणून धरलं, असं काहीसं. हा घोळ बहुतेक वेळा सांध्यात सुरूच होत नाही. विडी-सिगारेटच्या धुरानं फुप्फुसात असे बदल होतात, आणि सडलेल्या हिरड्यांशीही या रोगाचा संबंध दिसला आहे. काही जणींच्या घराण्यातही त्याचा कल असतो. रक्तात ही प्रतिद्रव्यं सांधा सुजायच्या आधी काही वर्षंही सापडू शकतात. म्हणजे ताईची जोडवी रुतली त्या दिवशी रोग सुरू झाला असं नाही, त्या दिवशी तो दिसला.

(मिश्री लावणाऱ्या मैत्रिणींनो, हिरड्यांचा विषय निघालाच आहे. दात हलायला लागले की मिश्रीनं कळ थांबते असं वाटतं, पण तिच्यानं हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कॅन्सरही होतो. तेवढं सांगून पुढं जातो.)

मग एके दिवशी ही बिथरलेली फौज अस्तरात उतरते. टी पेशी येतात, बी पेशी येतात, प्लाझ्मा पेशी तिथंच तळ ठोकून प्रतिद्रव्यं बनवायला लागतात. जागल्यांनी खरं तर यांना थोपवायचं, तर तेही फितूर होतात. रक्तातून नव्या भक्षक पेशी आत शिरतात आणि सगळीकडं सांगावे धाडतात. हे सांगावे म्हणजे रसायनं. त्यातली दोन फार जोराची, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-सहा. सांगावा मिळाला की आणखी पेशी येतात, त्या आणखी सांगावे धाडतात. या गर्दीला रक्त पुरवायला अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून सांधा सुजतो, ऊन लागतो, दाबला तर कणकेसारखा मऊ लागतो. झिजेच्या सांध्यावरची गाठ मात्र हाडासारखी टणक असते.

एक ते तीन पेशींचं ते अस्तर आता दहा-दहा पेशींइतकं जाड होतं, आणि त्याच्या खाली मोठी गर्दी. ते वाढत वाढत कूर्चेवर पसरतं. या वाढलेल्या थराला पॅनस म्हणतात. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ कापडाचा तुकडा, फडकं. अगदी तसंच ते ओल्या फडक्यासारखं कूर्चेवर चढतं. आणि आता विणकरी पेशींचंही डोकं फिरतं. वंगण करणाऱ्या त्याच पेशी कूर्चा विरघळवणारा पाचक रस सोडायला लागतात. त्याच सांगाव्यांनी भक्षक पेशींच्या घराण्यातल्या काही पेशी हाड खाणाऱ्या पेशी बनतात आणि हाडाच्या कडेला कुरतडतात. भुंग्यानं लाकूड पोखरावं तशी खाच एक्स-रेत दिसते. पोखरलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं भरून येत नाही. म्हणून वेळेचं एवढं सांगतोय.

किती गर्दी होते त्याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. निरोगी सांध्यातलं पाणी मोहरीच्या बारीक दाण्याएवढं, म्हणजे एक घन मिलिमीटर घेतलं, तर त्यात पांढऱ्या पेशी दोनशेपेक्षा कमी असतात. आमवातानं सुजलेल्या सांध्यात त्याच एवढ्याशा पाण्यात दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. यात्रेला जमावी तशी ही गर्दी, आणि घरी कुणी जायचं नाव घेत नाही.

सांगावे सांध्यातच थांबत नाहीत, रक्तातून अंगभर फिरतात. म्हणून बारीक ताप येतो, भूक जाते, वजन उतरतं, थकवा असा की हंडा उचलायच्या आधीच माणूस दमतं. ताई म्हणायची, "अंगातलं कुणीतरी काढून नेलंय." आम्ही म्हणायचो, टॉनिक घे. इंटरल्युकिन-सहा यकृताला हुकूम देते आणि यकृत अंगातलं लोह कोंडून ठेवतं, रक्त बनवायला मोकळं सोडत नाही. म्हणून या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हवं तसं चढत नाही. आपल्याकडं बहुतेक बायांचं रक्त खरोखर लोहाअभावीच कमी असतं, तेव्हा हे ऐकून गोळ्या कुणी बंद करू नका. पण गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल आणि शिवाय सकाळी हात आखडत असतील, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.

या सुजलेल्या अस्तरात नेमक्या कोणत्या पेशी बसल्यात, हे अलीकडं एकेक पेशी मोजून बघता येतं. सांध्यातल्या अस्तराचा इवलासा तुकडा काढतात आणि त्यातली प्रत्येक पेशी वेगळी तपासतात. २०१७ साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. दीपक राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आमवाताच्या सांध्यात एका खास प्रकारच्या टी पेशी सापडल्या. बी पेशींना बोलावून चिथवणाऱ्या त्याच. मग २०२३ साली आणखी मोठं काम पुढं आलं: ७९ माणसांचे सांधे, तीन लाखांहून जास्त पेशी. त्यातून दिसलं की आमवात वरून एकच वाटला तरी अस्तरात त्याचे सहा प्रकार आहेत. कुणाच्या अस्तरात टी आणि बी पेशींची गर्दी, कुणाच्यात भक्षक पेशींची, कुणाच्यात विणकऱ्यांचीच वाढ. हे ऐकून आमच्या मनातला एक प्रश्न सुटला. एकाच रोगाच्या दोन बाया, एकीला एका औषधानं उतार पडतो आणि दुसरीला तेच औषध लागू पडत नाही, असं का? तर दोघींच्या सांध्यातली गर्दी वेगळी. दुसरीचं औषध बदलावं लागतं. ती पथ्य पाळत नाही असं तिच्यावर ढकलू नये. पुढंमागं तुकडा तपासून औषध निवडता येईल, या दिशेनं हे काम चाललंय.

आता पुड्यांकडं परत येऊ.

दुखण्याची साधी गोळी घेतली की कळ आणि थोडी सूज कमी होते. अस्तरातली फौज तशीच बसलेली असते आणि तिचं पोखरणं चालू राहतं. घरात धूर झाला म्हणून डोळे मिटून घ्यावेत, तसं. शिवाय या गोळ्या रोज उपाशीपोटी खाल्ल्या की पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. ऊसतोडीत तर पाणीही धड प्यायला मिळत नाही, तिथं त्या जास्तच बाधतात.

पुडीचा चमत्कार वेगळा असतो. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडची गोष्ट मोठी आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन टोचलं, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. जगभर बोलबाला झाला, १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण थोड्याच काळात दुसरी बाजू दिसली: चेहरा फुगणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग. स्टेरॉइड सगळ्या फौजेलाच झोपवतं, बिथरलेल्यांना आणि शहाण्यांनाही. डॉक्टर आजही ते वापरतात, पण थोडं, थोडे दिवस, खरं औषध लागू पडेपर्यंत. पुडीवाला ते किती घातलंय सांगत नाही आणि थांबवतही नाही. आम्ही ज्या चमत्काराला कर्ज दिलं तो हा होता.

एक गोष्ट मात्र जपून ऐका. ज्या बाईनं अशा पुड्या कित्येक आठवडे किंवा महिने खाल्ल्यात तिनं हे ऐकून उद्यापासून एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अंग स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली येणं, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या पिशवीत घाला आणि घेऊन डॉक्टरांकडं जा. लाजू नका. ताई लाजली, पुड्यांचं सांगितलं नाही, आणि पहिल्या भेटीत डॉक्टरांना तिची साखर का वाढलीय ते कळेना.

मग खरं औषध कोणतं? फौजेला शिस्त लावणाऱ्या औषधांत पहिलं नाव मेथोट्रेक्झेटचं. त्याच्या मुळाशी मुंबईच्या गिरणगावातल्या बायांची कहाणी आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना जिवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टच्या स्वस्त अर्कानं तो बरा होतो हे तिनं दाखवलं, आणि १९३१ साली ते छापून आलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढं ज्याला फोलिक आम्ल म्हणू लागले ते. आशाताई गरोदर बायांना ज्या गोळ्या देतात त्यात ते असतंच. नंतर आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत होते, त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात फोलिक आम्ल कारखान्यात तयार केलं आणि त्याला अडवणारी औषधंही. मेथोट्रेक्झेट त्यातलंच. आधी ते कॅन्सरला मोठ्या मात्रेत दिलं गेलं. अगदी थोड्या मात्रेत ते आमवाताची फौज शांत करतं हे पक्कं झाल्यावर १९८८ साली अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. आज ते तुलनेनं स्वस्त औषध आहे.

आता मोठ्यानं सांगते, रेडिओचा आवाज वाढवा. आमवातात मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज नाही. चिठ्ठी नीट वाचली नाही म्हणून रोज खाल्लं तर तोंड सोलतं, रक्त बनायचं थांबतं आणि माणूस दगावतं. ताईनं यासाठी आठवडी बाजाराचा वार धरलाय. बाजाराला जायचं त्या दिवशी गोळी. फोलिक आम्लाची गोळी दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तशी. लिहिता-वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी लेकराकडून कॅलेंडरवर खूण करून घ्या. मध्येमध्ये रक्ताची, यकृताची, मूत्रपिंडाची तपासणी लागते, ती टाळायची नाही. दारू चालत नाही. आणि गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही, बाळात व्यंग येतं. मूल हवं असेल तर गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नका. आधी डॉक्टरांना सांगा, ते काही महिने अगोदर औषध बदलून देतात. सूनबाईच्या बाबतीत हे सासूनंही लक्षात ठेवायचं. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठायचा.

या औषधाची एक अडचण आहे, आणि बाया तिथंच सुटतात. ते तीन दिवसांत पळवत नाही. फौजेला ताळ्यावर आणायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात बाई म्हणते, "काहीच फरक नाही, पुडी बरी होती." ताईही म्हणाली. तेव्हा गटानं एक काम केलं. दर आठवड्याला तिची एक सही घेतली, कच्च्या वहीत. सहाव्या-सातव्या सहीपर्यंत अक्षर कोंबडीच्या पायासारखं. दहाव्या सहीत तिच्या आडनावाची वेलांटी पुरी उमटली. आम्ही ती वही आजही ठेवलीय.

मेथोट्रेक्झेट पुरलं नाही तर दुसरी औषधं जोडीला देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड, ही नावं चिठ्ठीवर दिसतील. त्याच्याही पुढं सांगावाच अडवणारी इंजेक्शनं आहेत. लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि डॉ. मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये टीएनएफ अडवणारं इंजेक्शन आमवाताच्या रुग्णांना दिलं, आणि त्यांचे सुजलेले सांधे उतरले. एकच सांगावा अडवला आणि एवढी गर्दी पांगली, हे तेव्हा कुणाला खरं वाटत नव्हतं. ती इंजेक्शनं महाग आहेत. आणि टीएनएफ आपल्याला एका कामाला लागतोच: अंगात दबून बसलेल्या टीबीला तोच कोंडून ठेवतो. म्हणून आपल्याकडं आधी टीबीची तपासणी केल्याशिवाय ती देत नाहीत.

खाण्याबद्दल बाया फार विचारतात. वांगं बंद, दही बंद, आंबट बंद असं सांगितलं जातं आणि आधीच अशक्त असलेली बाई ताटातलं कमी करत जाते. डाळ, भाजी, अंडं, दूध, जे परवडतं ते पोटभर खा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप करा. बास.

कुणाला शंका असेल तर घरीच एक गोष्ट करून बघा. आम्ही बैठकीत केली. समोरच्या बाईचा हात हातात घ्या, बोटं जिथं तळहाताला मिळतात ती गाठींची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. निरोगी हाताला काही होत नाही. आमवात असेल तर बाई कळवळते. ही कळ, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, आणि सहा आठवड्यांच्या वर टिकलेली सूज, यातलं एक जरी असेल तरी आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांबद्दल विचारा. आरए फॅक्टर एकट्यावर निकाल लागत नाही. तो निरोगी माणसातही निघतो आणि काही रोग्यांत निघतही नाही. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन् महिने दुखतात, तेव्हा आधी मोठा ताप आला होता का हेही सांगा. आपल्याकडून जवळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सूज सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत औषध चालू झालं तर सांधा वाचण्याची आशा सगळ्यात जास्त.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघण्याआधी पुरेशी औषधं आणि चिठ्ठीची एक झेरॉक्स सोबत घ्यायची. कारखान्याच्या गावात रक्त तपासून फोनवर रिपोर्ट दाखवता येतो का, हे इथून निघतानाच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. मुकादमालाही सांगून ठेवायचं. ताईनं सांगितलं, तो ऐकत नव्हता. मग गटाच्या तिघी जणी बरोबर गेलो.

ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. पुड्यांच्या सात महिन्यांतली ती. बाकी हात चालतो. पुड्या डॉक्टरांनी दोन महिन्यांत हळूहळू उतरवून बंद केल्या. तिची तिन्ही कर्जं अजून फिटायची आहेत. व्याज लावायचं नाही असा ठराव आम्ही केला, कारण सह्या आमच्याच होत्या.

त्या बैठकीत हात दाबून बघितले तेव्हा अठरांपैकी दोघी कळवळल्या. एक साठीची, तिच्या बोटांच्या टोकाला टणक गाठी, ती झीज निघाली. दुसरी सव्वीस वर्षांची, अंगावर पाजणारं लेकरू. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हा रोग उमटताना दिसतो. तिचं रक्त सोमवारी दिलंय.